काळी एकच्या केसभर खाली

वही माझ्याकडे होती, म्हणून इतिहासही माझ्याकडेच राहिला.
पहिली नोंद, फेब्रुवारी ऐंशी:
पायपेटी एक, सावंतवाडीहून मुंबई, पुढे बोटीने,
मनामाच्या गोदीत अकरा दिवस अडकलेली.
कस्टमवाल्याने विचारलं, हे काय?
गद्रे म्हणाले, शिवणयंत्र समजा. पण गातं.
त्याने पाय मारून पाहिला, हसला,
शिक्का उमटवला.

गद्रे बँकेत. आवाज सगळा कुमुदिनीबाईंचा.
सखी करायला बाईमाणूस मिळेना,
तेव्हा फोंडेकर उभा राहिला, रिफायनरीतला वेल्डर.
मिशी काढणार नाही म्हणाला,
आणि दोन्ही अंक पदर तोंडाशी धरून गायला.
तबल्यावर दाभोळचा जब्बार मुकादम, पिकअप खाली लावून येई.
पास्कोल हॉटेलच्या बँडमधून सुटल्यावर व्हायोलिन घेऊन,
त्याची पदं रोमी लिपीत, समेवर लाल टिंब.
प्रॉम्प्टर मी, फ्रिजच्या आड.

कोल्ड स्टोरेजच्या वरचा फ्लॅट. अर्धा दिवाणखाना रंगमंच,
अर्ध्यात प्रेक्षक, मधे गालिच्याची कड.
तीवर कोणाचा पाय पडला
की तो राजवाड्यात आला, असं समजायचं.

भांडण लागलं ते खिडकीतल्या एसीशी.
तो गुणगुणे काळी एकच्या केसभर खाली,
आणि पायपेटी सावंतवाडीची, मान तुकवणार नाही.
ऑगस्टात एकदा बंद करून पाहिला:
नांदी संपायच्या आत बाई भिंतीला टेकल्या.
मग पेडणेकर, सुक्या गोदीतला फिटर,
तीन शुक्रवार कानस घेऊन बसला.
पितळेची एकेक पट्टी मुळाशी घासायची,
एसीशी जुळवायची, पुन्हा घासायची.
वर्तमानपत्रावर सोनेरी भुकटी.
वहीत: कानस दोन, साडेसातशे फिल्स.
असा एका यंत्राने आमचा षड्ज ठरवला,
आणि सहा वर्षं आम्ही
जगात दुसरीकडे कुठेच नसलेल्या पट्टीत गायलो.

शहाऐंशीच्या मे महिन्यात, प्रयोगाच्याच गुरुवारी, एसी गेला.
गेला म्हणजे खट झालं आणि शांतता.
एकतीस प्रेक्षक, सगळ्या खिडक्या उघड्या, तरी वारा नाही.
बाईंनी आ लावला आणि थांबल्या.
पायपेटी होती. सूरही तोच होता.
पण म्हणाल्या, पायाखाली काही नाही.

तेव्हा शेजारचा यूसुफ दारात.
मोत्यांच्या होड्यांवर गाणारा होता तो तरुणपणी,
पाणबुड्यांचे दोर ओढले जाताना खालचा सूर धरून ठेवणारा.
सहा वर्षं भिंतीपलीकडून आम्हाला सोसलेला.
खुर्ची मागितली, पाण्याचा पेला मागितला,
डोळे मिटले,
आणि पोटातून तोच सूर काढला.
काळी एकच्या केसभर खाली.
मुकादमचा हात डग्ग्यावरच राहिला.
जमिनीतून येत होता तो सूर, चहाच्या कपांना कळत होता.

दुसऱ्या अंकात, स्वयंवराच्या ऐन मधे, इशाची अजान झाली.
तो उठला. मागून मुकादमही उठला.
राजकन्या माळ धरून उभी, फोंडेकरने पदर सोडून मिशी पुसली,
प्रेक्षकांना चहा दिला.
वीस मिनिटांनी दोघे परतले, पाय ओले,
आणि माळ घातली गेली.

नंतर नवा एसी आला. मुका.
पायपेटी कशाशीच जुळेना, पास्कोलच्या बँडशीही नाही.
पेडणेकर म्हणाला, घासलेलं परत भरता येत नाही.
गद्र्यांचा करार संपला, फोंडेकर दम्मामला गेला,
मुकादमची पिकअप काही दिवस खाली दिसे, मग तीही नाही.
कोणी मंडळी बंद केली नाही. गुरुवार येत राहिले, इतकंच.

शेवटची नोंद माझ्या अक्षरात:
शाल एक, यूसुफ यांस, चार दिनार.
त्याने ती उलगडली, हाताने तपासली, वीण चांगली आहे म्हणाला.
मग म्हणाला, बाबा, ही मी बहारीनमध्ये पांघरू कधी?
आणि पायपेटीवर घालून,
कोपरे नीट ओढून,
चप्पल शोधत गेला.